पंखांचा घोडा, लोखंडी चिमटा आणि बीजेची कोर

रमजानच्या दिवसांत घरोघरी हदीसची पुस्तकं उघडली जातात. सहेरीची वेळ कुठवर, रोजा कशानं तुटतो, प्रवासात काय करावं, आजाऱ्यानं काय करावं, अशा प्रश्नांची उत्तरं त्यांत शोधली जातात. याच पुस्तकांच्या पानांत एक पंखांचा घोडाही आहे. त्याच्याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष जातं.

इमाम अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हकिकत येते. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) एका मोहिमेवरून परतले होते. घरातल्या कोनाड्यावर पडदा होता. वाऱ्यानं तो बाजूला झाला आणि आत मांडून ठेवलेल्या हजरत आयशा (र.) यांच्या बाहुल्या दिसल्या. बाहुल्यांच्या मधोमध एक घोडा होता आणि त्याला चिंध्यांचे दोन पंख लावलेले होते. हे काय आहे, असं पैगंबरांनी विचारलं. घोडा, असं उत्तर आलं. मग त्याच्या पाठीवर हे काय? पंख. घोड्याला कधी पंख असतात का? त्यावर हजरत आयशांनी उलट विचारलं, की हजरत सुलेमान यांच्याकडे पंखांचे घोडे होते, हे तुम्ही ऐकलं नाही काय? हे ऐकून पैगंबर इतके मनमोकळे हसले की त्यांच्या दाढा दिसल्या, असं त्या सांगतात.

दूरच्या प्रवासाहून थकून आलेला, समाजाच्या शंभर काळज्या डोक्यावर असलेला माणूस चिंध्यांच्या घोड्यापाशी थांबतो. त्याची चौकशी करतो, प्रश्नातून खेळ पुढे नेतो आणि मिळालेल्या उत्तरावर खळखळून हसतो. घोड्याला पंख नसतात, हे सांगून त्याला खेळ तिथंच संपवता आला असता. तसं झालं नाही आणि हा प्रसंग लिहून ठेवण्याजोगा वाटला, म्हणूनच तो चौदाशे वर्षं टिकला.

चिमणीची विचारपूस

असाच दुसरा प्रसंग अबू उमैर या लहानग्याचा. पैगंबरांचे सेवक हजरत अनस यांचा हा धाकटा भाऊ. त्यानं चिमणीएवढा एक पक्षी पाळला होता, अरबीत त्याला ‘नुगैर’ म्हणत. पैगंबर त्यांच्या घरी गेले की त्या मुलाशी बोलत. पुढे तो पक्षी मेला आणि मूल खिन्न होऊन बसलं. तेव्हा पैगंबरांनी त्याच्या नावाशी पक्ष्याच्या नावाचं यमक जुळवून पक्ष्याची विचारपूस केली. उमैर आणि नुगैर. पोराचं दुःख मोठ्या माणसाच्या दुःखासारखंच मनावर घेतलं आणि त्याच्याशी बोलायला त्याचीच भाषा वापरली. हा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पुढच्या काळातल्या विद्वानांनी एवढ्याशा प्रसंगातून काय काय शिकता येतं, यावर स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली.

तिसरी हकिकत थेट रोजाशी जोडलेली आहे. मदिनेतल्या एक महिला सांगतात, की आशुराच्या दिवशी आम्ही रोजा धरायचो आणि आमच्या लहान मुलांकडूनही धरवून घ्यायचो. त्यांच्यासाठी आम्ही लोकरीची खेळणी करत असू. एखादं मूल भुकेनं रडू लागलं की त्याच्या हातात ते खेळणं द्यायचो, रोजा सोडायची वेळ होईपर्यंत. म्हणजे मुलाच्या पहिल्या रोजाच्या जोडीला खेळणं होतं. दटावणी आणि खेळणं यांतून त्या आयांनी खेळणं निवडलं.

आपल्याकडच्या घरांत हीच रीत वेगळ्या रूपात टिकली. लहान मुलानं रोजाचा हट्ट धरला, तर दादी-नानी त्याला ‘चिडी का रोजा’ धरायला सांगतात. चिमणीचा रोजा, म्हणजे दुपारपर्यंतचा. काही घरांत ‘एक दाढ का रोजा’ असतो. एका बाजूच्या दाढेनं खायचं, दुसऱ्या बाजूचा रोजा चालू. शास्त्राच्या हिशेबात असा रोजा कुठंच नाही, हे सांगणारीला पक्कं ठाऊक असतं. लहान मुलांवर रोजा बंधनकारकही नाही. तरीही पोरगं दिवसभर एकाच बाजूनं चावत राहतं आणि संध्याकाळी मोठ्यांच्या शेजारी, त्यांच्याइतक्याच रुबाबात, खजूर हातात धरून मगरीबच्या अजानची वाट पाहतं. एवढ्याशा कल्पनेतून त्याला दस्तरखानावर हक्काची जागा मिळालेली असते.

चंद्राशी बोलणारी मोठी माणसं

मुलाची कल्पना गोड वाटते आणि मोठ्या माणसाची पोरकट, अशी आपली सवय झाली आहे. पण रमजानची सुरुवातच मोठ्या माणसांना गच्चीवर नेऊन होते. शाबान महिन्याच्या 29 तारखेला सूर्य मावळला की डॉक्टर, दुकानदार, रिक्षावाला, मौलाना, सगळे पश्चिमेकडे माना उंचावून उभे राहतात. कोर दिसली तर दुसऱ्या दिवशी रोजा, नाही तर महिना 30 दिवसांचा धरायचा.

कोर दिसल्यावर दुआ मागायची असते. या दुआची गंमत अशी, की तिच्या शेवटी माणूस थेट चंद्राला उद्देशून बोलतो. तुझा आणि माझा पालनकर्ता एकच, अल्लाह, असं त्याला सांगतो. इस्लाममध्ये चंद्राची पूजा नाही. इथं चंद्र माणसासारखाच एक निर्मिलेला जीव जणू, एकाच मालकाच्या घरातला सोबती. ‘चांदोमामा’ म्हणून त्याला हाक मारणारं मूल आणि दुआ मागणारे त्याचे आजोबा, दोघंही त्याच्याशी बोलतच असतात.

हे नातं एकाच समाजाचं नाही. रमजानची कोर म्हणजे मराठी माणसाच्या ओळखीची बीजेची कोरच. भाऊबीजेला जिला भाऊ नाही ती चंद्राला भाऊ मानून ओवाळते. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत उपास सुटत नाही. एकाच गल्लीतली एक बाई महिन्याच्या सुरुवातीला पश्चिमेकडे चंद्र शोधते, तर दुसरी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी पूर्वेकडे. दोघींच्या घरातली पोरं गच्चीवर धावत जाऊन ‘दिसला, दिसला’ म्हणून ओरडतात, ते मात्र एकाच सुरात.

या कोरीचा हिशेबही मुलांना सांगण्यासारखा आहे. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी 29 दिवस, 12 तास आणि 44 मिनिटं जातात. म्हणून चांद्र महिना कधी 29 दिवसांचा, कधी 30 दिवसांचा. बारा महिन्यांचे साधारण 354 दिवस होतात, सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे 11 कमी. हिंदू पंचांगही चंद्राचे महिने मोजतं, पण 32-33 महिन्यांनी एक अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ बसवतं. म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडावरच येते. हिजरी सनात अधिक महिना नाही. त्यामुळे रमजान दर वर्षी 10-11 दिवस मागं सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. 2018 आणि 2019 मध्ये त्याची सुरुवात ऐन मे महिन्यात झाली होती. 2030 मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. एवढं सांगितलं तरी पोरं बोटं मोजायला बसतात, की आपण कितवीत असू तेव्हा.

‘चंद्र रोज वेगळा का दिसतो?’ हा प्रश्न आईबापांना कटकट वाटतो. पण कुरआनातल्या ‘बकरा’ या अध्यायात रोजासंबंधीच्या आयती संपतात न संपतात तोच लोकांच्या याच प्रश्नाची नोंद येते. लोक नव्या चंद्रांबद्दल विचारतात, असं तिथं म्हटलं आहे आणि त्यांना उत्तरही दिलं आहे, की लोकांना काळ मोजता यावा आणि हजची वेळ कळावी म्हणून हे चंद्र आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प बसवलेलं नाही. त्यांचा प्रश्न जपून ठेवला गेला आणि आज तरावीहच्या नमाजात तोही वाचला जातो.

याच ग्रंथातल्या अध्यायांची नावं पाहिली तर गाय, मधमाशी, मुंगी, कोळी आणि हत्ती असे जीव भेटतात. ‘गाशिया’ या अध्यायात श्रोत्यांचं लक्ष उंटाच्या घडणीकडे, उंचावलेल्या आकाशाकडे, रोवलेल्या डोंगरांकडे आणि पसरलेल्या जमिनीकडे वेधलं आहे. ऐकणारे अरब जन्मभर उंटाच्या संगतीत वाढलेले होते. रोजच्या उंटाकडेच पुन्हा एकदा नीट पाहा, असं त्यांना सांगितलं गेलं. रोज दिसणारी गोष्ट नव्यानं पाहणं मुलांना शिकवावं लागत नाही. मोठ्यांना मात्र त्याची आठवण करून द्यावी लागते.

तीन पैशांचा चिमटा

मुलाची कल्पना कुठवर पोचते, याचं उत्तर प्रेमचंदांनी 1933 साली एका कथेत दिलं आहे. ‘ईदगाह’ ही ती कथा. चार-पाच वर्षांचा हामिद दादीजवळ वाढतो आहे. आईबाप गेलेले. अब्बाजान पैसे कमवायला गेलेत आणि अम्मीजान अल्लाहच्या घरून छान छान वस्तू आणायला गेलीय, असं त्याला सांगितलेलं आहे आणि त्या आशेवर पोर खूष आहे. ईदच्या दिवशी गावातल्या मुलांबरोबर तो तीन कोसांवरच्या ईदगाहला निघतो. खिशात अवघे तीन पैसे. वाटेत पोरं जिन्नांच्या गोष्टी सांगतात, मोठमोठ्या इमारती पाहून तर्क लढवतात. जत्रेत मोहसिन मातीचा भिश्ती घेतो, महमूद शिपाई, नूरे वकील आणि सम्मी धोबीण. मिठाई खाताना सगळे हामिदला चिडवतात. हामिद मात्र लोखंडाच्या दुकानापाशी थांबतो. तव्यावरची पोळी काढताना दादीची बोटं भाजतात, हे त्याला आठवतं. आणि तो तीन पैशांत चिमटा घेतो.

या कथेकडे सहसा त्यागाची गोष्ट म्हणून पाहिलं जातं. वर्गात शिकवतानाही हामिद किती शहाणा, किती समजूतदार, यावरच भर असतो. पण परतीच्या वाटेवर काय घडतं, ते पाहण्यासारखं आहे. पोरं हसतात, तेव्हा हामिद चिमटा खांद्यावर टाकतो आणि त्याची बंदूक होते. हातात घेतो, तर फकिराचा चिमटा होतो. वाजवला तर झांजा. शिपाई, वकील, भिश्ती या सगळ्यांना तो चिमटा एकटा हरवतो. थोड्याच वेळात बाकीची पोरं आपापली खेळणी देऊन त्याचा चिमटा हातात घ्यायला पाहतात. हामिदनं खेळ सोडलेला नाही. सगळ्यांत मोठा खेळ त्यानंच मांडलेला आहे. मातीची खेळणी घरी पोचल्यावर फुटतात. चिमटा दादीच्या हाती जातो.

चिमट्याची बंदूक करणारं मन आणि दूर घरात बसलेल्या दादीच्या भाजलेल्या बोटांची आठवण ठेवणारं मन एकच आहे. जे समोर नाही ते डोळ्यांपुढे उभं करण्याची ही शक्ती. ती नसती तर हामिदला रेवड्या दिसल्या असत्या, बोटं दिसली नसती. कथेच्या शेवटी दादी अमीना लहान मुलीसारखी रडते आणि हामिद बावरून पाहत राहतो. नातू म्हातारा झाला आणि म्हातारी पोर झाली, असा काहीसा शेवट प्रेमचंदांनी केला आहे.

त्याच 1933 साली साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहीत होते. ‘मुकी फुले’ या प्रकरणात श्याम आणि त्याचे सवंगडी चढाओढीनं कळ्या खुडून आणतात आणि आई त्याला कळीची बाजू समजावते. कळीला झाडावर उमलू द्यावं, हे तिचं सांगणं. मुक्या कळीलाही काही वाटत असेल, ही कल्पना मुलाच्या मनात रुजवून तिनं त्याला दया शिकवली. एका हिंदू लेखकानं मुसलमान पोराच्या ईदची कथा लिहिली. दुसरीकडे, ज्यांनी श्याम घडवला त्या गुरुजींनी पुढे इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिलं. दुसऱ्याच्या घरात मनानं शिरून पाहणं दोघांनाही जमलं होतं.

न पाहिलेल्या गल्लीची भीती

कल्पनेला दुसरी बाजूही आहे आणि मिश्र वस्तीच्या गावांनी ती ओळखायला हवी. मुलाला जे पाहायला मिळत नाही, ते त्याचं मन आपल्या परीनं भरून काढतं. ईदगाहच्या वाटेवरच्या पोरांनी जिन्नांच्या फौजा उभ्या केल्या, त्यात नुकसान काही नव्हतं. पण आता गावं वाढली, वस्त्या वेगळ्या झाल्या. एकेकाळी एका नळावर पाणी भरणाऱ्यांच्या नातवंडांनी एकमेकांची स्वयंपाकघरं पाहिलेली नाहीत. पलीकडच्या गल्लीत काय चालतं, पहाटे साडेचारला तिथं दिवे का लागतात, संध्याकाळी सगळे एकदम घराकडे का पळतात, असे प्रश्न मुलाला पडतातच. उत्तर मिळालं नाही, किंवा मोठ्यांच्या तोंडून तिरकस मिळालं, तर त्या अंधारात मूल स्वतःच राक्षस उभा करतं. पुढे वयानं मोठं होऊनही तो राक्षस मनातून जात नाही.

यावरचा उपाय जुना आहे आणि स्वस्तही. इफ्तारच्या वेळी शेजारच्या पोराला हाक मारायची. भजी, फळांची चाट, सरबत त्याच्यापुढे ठेवायचं आणि अजान होईपर्यंत सगळ्यांबरोबर त्यालाही थांबू द्यायचं. ती पाच मिनिटं मुलासाठी फार मोठी असतात. समोर ताटली भरलेली आहे, अडवणारं कुणी नाही, तरी कुणी हात लावत नाही, याचं त्याला नवल वाटतं. गणपतीत याच घरची पोरं आरतीनंतर प्रसादासाठी ओंजळ पुढे करून उभी राहतात, तेव्हा नवलाची पाळी त्यांची असते. ज्यानं दुसऱ्याचा उपास आणि दुसऱ्याचा सण असा जवळून पाहिला, त्याला पुढे कुणी काहीही सांगितलं तरी त्याच्या डोळ्यांपुढे आधी ती ताटली येते.

रोजाचा एक हेतू हाच सांगितला जातो, की भुकेल्याची भूक कळावी. पण नुसतं पोट रिकामं ठेवून ती कळत नाही. आपल्याला मगरीबला भरलेलं ताट मिळणार आहे, ज्याला ते मिळणार नाही त्याची संध्याकाळ कशी असेल, इथवर मन न्यावं लागतं. ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा असतो, गरिबाच्या घरीही त्या दिवशी ईद व्हावी म्हणून. घरातल्या तान्ह्या बाळाच्या नावानंही तो दिला जातो. आता बहुतेक घरांत ही रक्कम मोबाइलवरून जाते. मुलाला त्याचा पत्ताही नसतो. ते एकदा मुलाच्या हातून द्यावं. घेणाऱ्याच्या घरात त्याच्या वयाचं कुणी आहे का, त्याला शिरखुर्मा आवडत असेल का, हे मूल आपणहून विचारील.

नखाआड चंद्र

विस्मय हा अज्ञानातून येतो आणि माहिती वाढली की जातो, असा एक समज आहे. इतिहास वेगळं सांगतो. दहाव्या शतकात बसरा शहरात जन्मलेले आणि पुढे कैरोत काम केलेले इब्न अल-हैसम हे प्रकाशशास्त्रातलं फार मोठं नाव. ‘किताब अल-मनाजिर’ हा त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या अभ्यासकांनी तो शतकानुशतकं वाचला. क्षितिजावरचा चंद्र मोठा आणि डोक्यावरचा लहान का दिसतो, हा कुठल्याही पोराला पडणारा प्रश्न त्यांनी गंभीरपणे घेतला. चंद्र वाढत नाही, क्षितिजाजवळ झाडं-घरं मध्ये असल्यानं तो दूर वाटतो आणि म्हणून मन त्याला मोठा समजतं, अशा दिशेनं त्यांनी उत्तर शोधलं. फसगत डोळ्यांची नसून समजुतीची आहे, हे त्यांनी ओळखलं. या कोड्यावर आजही अभ्यास चालू आहे.

रमजानच्या चौदाव्या-पंधराव्या रात्री हा प्रयोग घरच्या घरी होतो. इफ्तारच्या सुमाराला पूर्वेकडे पूर्ण चंद्र उगवतो, परातीएवढा वाटतो. हात सरळ लांब करून करंगळीचं नख त्याच्यासमोर धरावं. एवढा मोठा चंद्र नखाआड सहज झाकला जातो. मग तरावीह आटोपल्यावर, चंद्र वर चढून लहान दिसू लागला की पुन्हा तेच करावं. नख तेवढंच, झाकणंही तेवढंच. हे पाहिल्यावर मूल आधी आपल्या बोटाकडे पाहतं, मग चंद्राकडे. आणि बहुतेक वेळा बापही पुन्हा एकदा हात लांब करून पाहतो.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये इब्न तुफैल नावाचे एक वैद्य होते. त्यांनी ‘हय्य इब्न यकजान’ ही गोष्ट लिहिली. विषुववृत्ताखालच्या हिंदच्या बेटांपैकी एका निर्जन बेटावर हय्य नावाचं मूल एकटं वाढतं. एक हरिणी त्याला दूध पाजून सांभाळते. ती मरते, तेव्हा मूल तिला हाका मारतं, हलवतं, तिच्या डोळ्यांत-कानांत पाहतं. सगळे अवयव जागच्या जागी आहेत, मग गेलं ते काय, हा प्रश्न त्याला सोडत नाही. तिथून त्याचा शोध सुरू होतो. आग, पाणी, झाडं, प्राणी, तारे असं पाहत पाहत तो मोठा होतो आणि अखेर या सगळ्याच्या निर्मात्यापर्यंत पोचतो. शाळा नाही, पुस्तक नाही, केवळ पाहणं आणि विचारणं. 1671 मध्ये ऑक्सफर्डला या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर छापलं गेलं आणि युरोपात ते आवडीनं वाचलं गेलं. हय्य प्रौढ झाला, तरी त्याचं विचारणं थांबलं नाही. इब्न तुफैल यांनी ज्ञानाचा आणि ईश्वराचा शोध एका प्रेमळ लेकराच्या प्रश्नापासून सुरू केला, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

आपल्या काळात हाच विषय अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सन यांनी मांडला. कीटकनाशकांच्या धोक्याबद्दल जगाला सावध करणाऱ्या त्या याच. 1956 मध्ये त्यांनी एका मासिकात मुलांच्या विस्मयाबद्दल लेख लिहिला. मेन राज्याच्या समुद्रकिनारी वादळी रात्री त्या आपल्या भाचीच्या तान्ह्या मुलाला पांघरुणात गुंडाळून लाटा पाहायला घेऊन गेल्या होत्या. मुलाला पक्ष्यांची, शिंपल्यांची नावं पाठ करवण्याआधी त्याला ती गोष्ट मनापासून भावली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यासाठी मुलासोबत निदान एक तरी मोठं माणूस हवं, ज्याला स्वतःलाच अजून नवल वाटतं.

असं माणूस घरात असतंच असं नाही. मूल ‘हे बघ’ म्हणून ओढतं, तेव्हा मोठ्यांचे डोळे हातातल्या पडद्यावर असतात. चंद्र दिसल्याची बातमीही आता गच्चीच्या आधी मोबाइलवर येते. रुयते हिलाल कमिटीनं घोषणा केली, संदेश पुढे पाठवला, संपलं. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं, खरेदीची यादी तयार, कोणत्या दिवशी कोणता पदार्थ हेही ठरलेलं. महिना सुरळीत पार पडतो आणि पोरांच्या आठवणीत मात्र भज्यांशिवाय फारसं काही उरत नाही. तुकोबांनी देवाकडं लहानपण मागितलं होतं. आपण हाती आलेल्या लहानग्यांनाच लवकर मोठं करायच्या घाईत असतो.

तरी अजून पुष्कळ शिल्लक आहे. ईदच्या आधी नानखटाईचं पीठ मळून, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून बेकरीच्या भट्टीवर न्यायची रीत काही गावांत टिकून आहे. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून आपला ट्रे कोणता हे ओळखण्यात पोरं तासभर रमतात. मशिदीतल्या शेवटच्या रांगेत सज्दा करता करता एकमेकांना ढोसणारी, मध्येच फिसकन हसणारी मुलंही आहेत. त्यांच्यावर डोळे वटारणाऱ्यांनी एक हदीस आठवावी. पैगंबर सज्द्यात असताना नातू पाठीवर चढून बसला, तेव्हा त्याचं मन भरेपर्यंत त्यांनी सज्दा लांबवला होता. मागे नमाज पढणाऱ्यांना वाटलं, काही तरी विशेष घडलं असावं. नंतर कारण कळलं, ते एवढंच.

आता ईदची कोर शोधायची वेळ येईल. रमजानच्या 29 तारखेला सूर्य पूर्ण मावळू द्यावा. दुर्बीण असेल तर ती त्याआधी अजिबात डोळ्याला लावू नये. सूर्य मावळला ती जागा घराच्या किंवा झाडाच्या खुणेनं लक्षात ठेवावी आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तिच्या वर, थोडं डावी-उजवीकडे शोधावं. कोर केसासारखी बारीक असते, तिची टोकं सूर्याच्या उलट दिशेला वळलेली असतात. अमावास्या होऊन पुरेसे तास उलटले नसतील, तर कितीही ताणून पाहिलं तरी ती दिसत नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं. त्या दिवशी हवा स्वच्छ असली, तर कोरीच्या कुशीत उरलेला सगळा चंद्रही अंधूक राखाडी दिसतो. तो उजेड आपल्या पृथ्वीचा, इथून चंद्रावर पडलेला आणि परत आलेला. पोरांना हे सांगावं आणि त्यांच्या प्रश्नांची तयारी ठेवावी.

ज्यांच्या इमारतीची गच्ची उंच आहे त्यांनी त्या संध्याकाळी तिला कुलूप लावू नये. शेजारपाजारची सगळीच पोरं वर येऊ द्यावीत. कोर आधी कुणाला दिसते, ते तिथंच ठरेल.